पिल्लाचं नख लागलं, रक्त दिसलं नाही : रेबीजची लस घ्यायची का, किती आणि सीरमही लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचा मुलगा, वय ७, वजन २२ किलो. परवा संध्याकाळी गल्लीतलं तीन-चार महिन्यांचं पिल्लू खेळता खेळता त्याच्या अंगावर उडालं आणि पोटरीवर दोन-अडीच इंचांचा ओरखडा उठला. तेव्हा रक्त दिसलं नाही. आजीने हळद दाबली. काल जवळच्या दवाखान्यात टिटॅनसचं इंजेक्शन झालं. आज ओरखड्याच्या एका टोकाला मोहरीएवढी काळपट खपली धरली आहे. पिल्लू मजेत हुंदडतंय. शेजारचे काका म्हणतात की नखात रेबीज नसतो, दहा दिवस पिल्लावर नजर ठेवा, त्याला काही झालं तर बघू. मग लस घ्यायची का, घ्यायची तर सगळे डोस का, आणि ‘सीरम’ म्हणतात ते ओरखड्यालाही लागतं का?

ताई, आजच मुलाला घेऊन निघा. लस सुरू करायचीच आहे, त्यात दुमत नाही. आणि ती मोहरीएवढी खपली डॉक्टरांना मुद्दाम बोट ठेवून दाखवा, कारण सीरम, म्हणजे जखमेभोवती टोचायचं तयार संरक्षक औषध, लागणार की नाही हे तिच्यावर ठरणार आहे. तुमच्या सगळ्या हकिगतीत मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली.

आधी काकांचं म्हणणं घेऊ, कारण ते अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच घातक आहे. रेबीजचा विषाणू लाळेत असतो, नखात तयार होत नाही हे खरं. कुत्र्याला हात लावल्याने, त्याच्या केसांनी, त्याच्या मुतावर पाय पडल्याने हा रोग होत नाही. पण कुत्रं पंजे चाटतं, आणि अंगावर उडालेलं पिल्लू तोंड मिटून उडत नाही. झटापटीत नख आणि लाळ दोन्ही एकाच जागी लागू शकतात. शिवाय ‘नख लागलं’ हे बहुतेक वेळा नंतर लावलेलं अनुमान असतं. या वयाच्या पिल्लाचे दुधाचे दात इतके बारीक आणि टोकदार असतात की त्यांची खूण नखाच्या ओरखड्यापासून वेगळी सांगता येत नाही, आणि सात वर्षांचं मूल आई रागावेल म्हणून ‘चावलं’ऐवजी ‘लागलं’ म्हणतं. चावण्यापेक्षा ओरखड्याचा धोका पुष्कळ कमी, हे मान्य. पण एकदा लक्षणं दिसू लागली की रेबीजवर उपचार नाही, रुग्ण जवळजवळ नेमाने दगावतो. दुसऱ्या बाजूला लस सुरक्षित आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट आहे. त्यामुळे इथे धोक्याची टक्केवारी काढत बसण्यात अर्थ नाही.

पिल्लू लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कुत्र्यांना रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे गल्लीतल्या या वयाच्या पिल्लाला ती मिळालेली असण्याची शक्यता नसल्यासारखीच. त्याला दुसरं एखादं कुत्रं कधी चावलं होतं का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

आता दहा दिवसांचा नियम. तो खरा आहे, त्याला शास्त्र आहे. विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतो, त्यांच्यावाटे मेंदूत जातो आणि तिथून लाळेच्या ग्रंथींत उतरतो. कुत्र्याच्या लाळेत तो येतो तेव्हा मेंदू आधीच ग्रासलेला असतो, त्यामुळे त्यानंतर थोड्याच दिवसांत कुत्रं आजारी दिसू लागतं आणि मरतं. म्हणूनच चावल्यापासून दहा दिवसांनी ते धडधाकट असेल, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं खात्रीने म्हणता येतं. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर या दोघांना लागू आहे. माकड, कोल्हा, मुंगूस यांना नाही. पण काका तो उलटा वापरतायत. हा नियम चालू केलेला उपचार आवरता घेण्यासाठी आहे, उपचार सुरू करायला थांबण्यासाठी नाही. दहा दिवस थांबलात आणि नवव्या दिवशी पिल्लू मेलं, तर तुम्ही सगळ्यात मोलाचे नऊ दिवस घालवलेले असतील. लस टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी द्रव्यं, तयार व्हायलाच एक ते दोन आठवडे लागतात.

लस घेत घेत पिल्लावर नजर मात्र जरूर ठेवा. त्याचा आजच मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. एका विणीची पिल्लं इतकी सारखी दिसतात की आठव्या दिवशी ‘हेच ते’ असं छातीठोक सांगणारा माणूस बहुधा चुकीच्या पिल्लाकडे बोट दाखवत असतो. कानावरचा ठिपका, शेपटीचं पांढरं टोक, एखादा पांढरा पंजा, असं काहीतरी हेरून ठेवा. मधेच ते दिसेनासं झालं, तर मेलं असेल, गाडीखाली आलं असेल, कुणी उचलून नेलं असेल, कारण काहीही असो, त्याची गणती ‘माहीत नाही’ अशीच करायची आणि कोर्स पुरा करायचा.

आजारी कुत्रं ओळखायचं कसं, हेही सांगतो. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो फेस गाळत धावून येणारा, दिसेल त्याला चावत सुटणारा कुत्रा. पण दुसरा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रं अंधाऱ्या कोपऱ्यात, पार्क केलेल्या गाडीखाली पडून राहतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, पाणी गिळता येत नाही, पुढे मागचे पाय लटपटतात. बघणाऱ्याला वाटतं की बिचाऱ्याच्या घशात हाड अडकलंय, आणि कुणीतरी दयाळू माणूस तोंडात हात घालतो. असं कुत्रं दिसलं तर मुलांना लांब ठेवा आणि नगर निगमला किंवा पशुचिकित्सालयाला कळवा.

आता मुख्य मुद्दा. ओरखडा म्हटलं की लोकांना तो एकच प्रकार वाटतो, पण उपचाराच्या दृष्टीने ओरखडे दोन प्रकारचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आणि त्याच धर्तीवर आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तीन श्रेणी ठरवल्या आहेत. पहिलीत कुत्र्याला हात लावणं, खाऊ घालणं, अखंड कातडीवर चाटणं. इथे साबणाने धुणं पुरे, लस नाही. दुसरीत उघड्या कातडीवर दातांनी कुरतडल्यासारखं होणं किंवा रक्त न आलेला बारीक ओरखडा. इथे धुणं आणि लस. तिसरीत कातडी भेदून आत गेलेला चावा किंवा ओरखडा, एकच का असेना, आणि आधीच फुटलेल्या कातडीवर किंवा डोळा, नाक, तोंड यांच्या ओल्या अस्तरावर लागलेली लाळ. इथे धुणं, लस आणि त्याच्या जोडीला सीरम. म्हणजे दुसरी आणि तिसरी यांच्या मधली भिंत रक्ताच्या एका थेंबाची आहे. ओपीडीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण नातेवाईक ‘रक्त नाही आलं’ म्हणतात आणि रांग लांब असली की जखम न बघताच कार्डावर ‘श्रेणी २’ लिहिली जाते.

म्हणून ओरखडा नीट बघायचा. आधी हळद पूर्ण धुऊन काढा, कारण पिवळ्या रंगाखाली गुलाबी काही दिसत नाही. मग खिडकीच्या उजेडात, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहा. नुसती पांढुरकी रेघ असेल आणि तासाभरात विरली असेल तर वरचा पापुद्रा खरवडला गेलाय एवढंच. लाल रेघ, कडेला सोललेली कातडी, पण ओल नाही, ही दुसरी श्रेणी. रेघेवर कुठेही लाल ठिपके असतील, मग ते सुईच्या अग्राएवढे का असेनात, तर तिसरी. ताजा ओरखडा असेल तर ओला पांढरा कापूस अलगद टेकवून उचला, त्यावर गुलाबी डाग उमटला तरी प्रश्न मिटला. काही डॉक्टर स्पिरिटचा बोळा टेकवून झोंबतं का ते पाहतात. झोंबलं तर कातडी नक्की तुटलेली आहे. पण झोंबलं नाही म्हणून सोडून देऊ नका, इंजेक्शनच्या भीतीने मुलं दात-ओठ खाऊन ‘नाही’ म्हणतात.

तुमच्या मुलाचा ओरखडा दोन दिवसांचा आहे, तेव्हा कापसाची परीक्षा संपली. आता खपली बोलते. पिवळसर, पातळ, मधासारख्या रंगाचा पापुद्रा असेल तर नुसतं जखमेतलं पाणी (लसिका) पाझरलंय. काळपट किंवा तपकिरी, घट्ट कण असेल तर तिथे रक्त आलं होतं, तुम्हाला दिसलं असो वा नसो. बारीक जखमेतून रक्त कधीकधी दोन-चार मिनिटांनी उमटतं, आणि तोवर आजीची हळद वर बसलेली असते. तुम्ही ‘काळपट’ लिहिलंय. ते खरं असेल तर ही तिसरी श्रेणी आहे, आणि नुसत्या लसीवर भागवू नये. शंका असेल तेव्हा वरची श्रेणी धरायची, खालची नाही. आपल्याकडे कुत्र्यांतच रेबीज आहे, त्यामुळे ‘आम्हीच त्याला डिवचलं होतं’ किंवा ‘ते प्रेमाने उडालं’ याने श्रेणी बदलत नाही.

निघण्यापूर्वी जखम धुवा. दोन दिवस झाले तरी धुवा, ताज्या जखमेइतका उपयोग नसला तरी सोडू नये. आणि पुढच्या वेळी, तुमच्या घरी किंवा शेजारी, ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सुरू व्हायला हवी. वाहतं पाणी, साबण, आणि पंधरा मिनिटं. लोक पंधरा सेकंदांत उरकतात. मोबाईलवर टायमर लावा. साबण अंगाचा, कपड्यांचा, भांड्यांचा, कुठलाही चालतो. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं आणि विषाणू निकामी होतो, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा फेस महत्त्वाचा. नर्मदेचं पाणी दिवसाआड येणाऱ्या घरात नळ सोडून ठेवणं परवडत नाही, तर दोन बादल्या भरून घ्या, मुलाला न्हाणीघरात पाटावर बसवा, एकाने मगाने सारखी बारीक धार धरायची आणि दुसऱ्याने बोटांनी फेस करत राहायचं. धुणाऱ्याच्या हाताला चिरा असतील तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. घासणी, वजरी, ब्रश लावू नका, त्याने नव्या जखमा होतात. धुऊन झालं की कोरडं करून पोव्हिडोन आयोडीन लावा, बीटाडीन म्हणून मिळतं ते. पट्टी बांधायची नाही, उघडं ठेवायचं.

हळद, चुना, तिखट, मीठ, तेल, कॉफी, जाळलेला चिंधीचा कोळसा यातलं काहीही नाही. यांनी विषाणू मरत नाही, उलट जखम चिडते, आणि मुख्य म्हणजे वर थर बसल्यामुळे धुणं राहून जातं. माळव्यात अजून सात विहिरींत डोकावायला नेणारे आणि पाठीला काशाची थाळी चिकटवणारे आहेत. सात विहिरी हिंडून होईपर्यंत इंदूरच्या मोठ्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलला दोनदा जाऊन येता येतं.

टिटॅनसच्या इंजेक्शनबद्दल एक वाक्य, कारण इथे मोठा गोंधळ होतो. टिटॅनसचं इंजेक्शन रेबीजवर शून्य काम करतं. ‘दवाखान्यात नेलं, इंजेक्शन झालं’ एवढ्यावर घरचे स्वस्थ बसतात आणि खरी लस राहून जाते. पाचव्या वर्षीचा टिटॅनसचा बूस्टर झालेल्या मुलाला ते बहुतेक लागतही नाही. दिलं त्याने नुकसान काही नाही.

आता लस. पोटात चौदा इंजेक्शनं हे जुनं प्रकरण विसरा. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली सेम्पल लस होती, कसौलीला १९११ च्या सुमारास निघालेली, आणि भारतात २००४ च्या अखेरीस ती बंद झाली. आज मिळणाऱ्या लसी पेशींवर वाढवलेल्या आणि निष्क्रिय केलेल्या विषाणूंच्या असतात, त्यांतून रेबीज होऊ शकत नाही.

ती देण्याच्या दोन रीती आहेत. एक, स्नायूत. पाच डोस, दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. दर वेळी एक पूर्ण कुपी, मूल असो की आजोबा, वजनाचा संबंध नाही. दुसरी, कातडीत. चार फेऱ्या, दिवस ०, ३, ७ आणि २८. दर वेळी दोन टोचण्या, दोन्ही दंडांवर ०.१-०.१ मिलिलिटर. सरकारी दवाखान्यांत बहुधा ही दुसरी रीत असते. ‘सरकारी आहे म्हणून औषध कमी घालतात’ असं समजून पालक पुन्हा खासगीत स्नायूतलं टोचून घेतात, त्याची गरज नाही. कातडीत संरक्षक पेशींची दाटी असते, म्हणून तिथे थोड्या लसीत तितकंच काम होतं. फक्त ते नीट कातडीतच गेलं पाहिजे. टोचल्याबरोबर त्या जागी संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, फिकट फुगा उठायला हवा. फुगा न उठता औषध सरळ आत गेलं, तर ते खोल गेलंय आणि जवळच पुन्हा टोचून घ्यायला सांगायचं. नर्स रागावत नाही, तिलाही हे माहीत असतं.

शून्य दिवस म्हणजे पहिली लस टोचली तो दिवस, कुत्र्याने ओरबाडलं तो नव्हे. समजा आज सोमवार आहे आणि आजच पहिली लस झाली. मग दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी, आणि २८ वा दिवस पुन्हा सोमवारीच पडतो. स्नायूतली असेल तर १४ वा दिवसही सोमवार. म्हणजे ‘एक गुरुवार, बाकी सगळे सोमवार’ इतकं लक्षात ठेवलं की झालं. सगळ्यात जास्त बुडतो तो २८ व्या दिवसाचा डोस, कारण तोवर जखमेची खूणही गेलेली असते. एखादी तारीख चुकली तर शक्य तितक्या लवकर तो डोस घ्या आणि तिथून पुढचं अंतर धरा, कोर्स पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा नाही. मात्र पहिल्या तीन तारखा चुकवू नका. परीक्षा, लग्न, गावाला जाणं, ताप-सर्दी, यातलं कुठलंही कारण चालत नाही. गावाला जायचंच असेल तर कार्ड घेऊन जा आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात त्याच रीतीने पुढचा डोस घ्या. लसीची कंपनी बदलली तरी बिघडत नाही. रीत शक्यतो बदलू नये.

लस कुल्ल्यावर कधीही घ्यायची नाही. तिथे चरबी जाड असते, लस स्नायूपर्यंत पोचत नाही आणि प्रतिपिंडं कमी बनतात. मोठ्यांना आणि दोन वर्षांवरच्या मुलांना दंडावर, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. एखाद्याने कुल्ल्यावर टोचलंच असेल तर तो डोस धरायचा नाही, पुन्हा योग्य जागी घ्यायचा. टोचल्यावर जागा लाल होते, खाजते, दुखते, एखाद्याला अंगात कसर येते. पॅरासिटामॉल पुरे. आंबट, तेलकट, अंडी, असलं कुठलंच पथ्य नाही, आंघोळीलाही मनाई नाही.

खासगीत विकत घेणार असाल तर कुपी २ ते ८ अंश तापमानात राहिलेली हवी. मेडिकलमधून आणून दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवलेली लस टोचून घेण्यापेक्षा, जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधली घ्या. कुपीवरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत कार्डावर लिहून घ्या, बिल जपा.

सीरम म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, तयार प्रतिपिंडं. लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ जखमेपाशीच विषाणूला अडवून धरायचं काम सीरम करतं. म्हणूनच ते जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं असतं. दंडात किंवा मांडीत देऊन मोकळं होणं म्हणजे कुलूप भलत्याच दाराला लावणं. घोड्यापासून केलेलं असेल तर मात्रा वजनाच्या किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तातून काढलेलं असेल तर २०. तुमच्या २२ किलोच्या मुलाला घोड्याचं ८८० युनिट किंवा माणसाचं ४४० युनिट होतं. घोड्याचं साधारण ३०० युनिट प्रति मिलिलिटर आणि माणसाचं १५० असं येतं, त्यामुळे दोन्ही हिशेबांनी सुमारे २.९ मिलिलिटर. ही जास्तीत जास्त मात्रा आहे, हिच्यावर जायचं नाही, कारण जादा सीरम लसीचं काम दाबतं. पोटरीवरच्या अडीच इंचांच्या रेघेत तेवढं सगळं मावेलच असं नाही. पूर्वी उरलेलं मांडीत देत असत, आता मावेल तेवढं जखमेभोवतीच देण्यावर भर आहे. उलट अनेक ठिकाणी चावलं असेल आणि औषध कमी पडत असेल, तर सलाईन मिसळून ते वाढवतात आणि एकही जखम कोरडी सोडत नाहीत. २०१७ पासून आपल्याकडे प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही मिळतात, त्यांची मात्रा कंपनीप्रमाणे वेगळी असते.

हे टोचणं दुखतं, विशेषतः बोटांवर आणि नाकाच्या शेंड्यावर. मुलाला आधी खरं सांगा आणि घट्ट धरून बसा. घोड्याच्या सीरमची लोकांना ॲलर्जीमुळे भीती असते. आताचं सीरम पुष्कळ शुद्ध असतं, तरी टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा आणि मुलाला दमा किंवा आधीची मोठी ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

सीरम पहिल्या लसीबरोबर त्याच दिवशी घेणं उत्तम. ते त्या दिवशी मिळालं नाही तर लस थांबवायची नाही, लस टोचून घ्यायची आणि सीरम पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत मिळवायचं. सातव्या दिवसानंतर ते देत नाहीत, तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात. तुमची पहिली लसच अजून व्हायची आहे, म्हणजे ही मुदत तुमच्यासाठी आज सुरू होते. एचआयव्ही, केमोथेरपी, प्रत्यारोपणानंतरची औषधं, बरेच दिवस चाललेलं स्टेरॉईड, अशी प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला दुसऱ्या श्रेणीतही सीरम देतात आणि लस स्नायूत पाचही डोस. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दोन्ही चालतं, त्यांनी थांबू नये.

इंदुरात कुठे जायचं? एम.वाय. हॉस्पिटल आहे, आणि कुत्रा चावला की जुने इंदूरकर ज्याचं नाव घेतात ते हुकुमचंद पॉलिक्लिनिक, म्हणजे लाल अस्पताल. लस जवळच्या सरकारी केंद्रात मिळाली तर तिथे घ्या, पण सीरम छोट्या केंद्रात बहुधा नसतं, म्हणून तुम्ही सरळ मोठ्या हॉस्पिटलात जावं असं मला वाटतं. आधार कार्ड, टिटॅनसची चिठ्ठी आणि पिल्लाचा फोटो बरोबर न्या. खिडकीवर ‘नख लागलं’ एवढंच सांगू नका. ‘ओरखड्यावर खपली आहे, रक्त आलं असावं, श्रेणी बघून सांगा’ असं म्हणा. या एका वाक्याने डॉक्टर खाली वाकून पोटरी बघतात.

उशीर झाला म्हणून मनात भीती धरू नका. विषाणू मज्जातंतूंतून हळूहळू सरकतो, लक्षणं यायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी वर्षाच्या वर. चेहरा, मान, हाताची बोटं इथल्या जखमा जास्त धोक्याच्या, कारण मेंदू जवळ किंवा नसांची दाटी. पोटरी त्या मानाने लांब आहे. दोन दिवस काय, महिना उलटून गेला असता तरी हेच सांगितलं असतं की आज जाऊन सुरू करा.

पिल्लू दहाव्या दिवशीही ठणठणीत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तोवर ०, ३, ७ हे डोस झालेले असतात. स्नायूतल्या रीतीत १४ व्या दिवसाचा डोस मग गाळता येतो आणि २८ वा घेतला की पुढच्यासाठीचा प्रतिबंधक कोर्स झाला असं धरतात. पिल्लाची ओळख पक्की नसेल तर काहीही गाळू नका.

घरातले इतर प्रश्न यानिमित्ताने येतातच, ते उरकतो. त्याच पिल्लाने धाकटीचा हात चाटला आणि हाताला चीर नाही, तर धुणं पुरे. तोंडाच्या आत किंवा फुटलेल्या ओठावर चाटलं तर ती तिसरी श्रेणी. घरातला उंदीर, खार यांच्या चावण्याला आपल्याकडे सहसा रेबीजची लस लागत नाही. मांजराच्या ओरखड्याला कुत्र्याचेच सगळे नियम. पिसाळलेल्या गाईचं उकळलेलं दूध प्यायल्याने काही होत नाही. पाळलेल्या, लस टोचलेल्या कुत्र्याने ओरबाडलं तरी उपचार सुरू करायचाच, कारण लस टोचली होती आणि ती लागू पडली होती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोर्स संपल्यावर कार्ड फेकू नका, मुलाच्या लसीकरणाच्या फाईलमध्ये लावा आणि त्याचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. पुन्हा कधी कुत्रा चावला, अगदी खोल चावला, तरी पूर्ण कोर्सचा लेखी पुरावा असलेल्याला फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३ दिवशी, आणि सीरम अजिबात नाही. तीन महिन्यांच्या आतच पुन्हा चावला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे जखम धुणंच पुरेसं असतं, पण तेही कार्ड दाखवून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कार्ड नसेल तर सगळा कोर्स पहिल्यापासून.